पाच दिवसांत पानावर उत्तर: रोगप्रतिकारक जनुकं तपासण्याची तात्पुरत्या अभिव्यक्तीची पद्धत

एखादं जनुक रोपाला रोगापासून खरंच वाचवतं का, हे पाहायला जनुकबदल केलेलं अख्खं रोप तयार करायचं म्हटलं तर महिनोन्‌महिने जातात. तात्पुरत्या अभिव्यक्तीत तेच जनुक वाढलेल्या पानाच्या पेशींत थेट पोचवतात. ते गुणसूत्रात कायमचं बसण्याची वाट पाहावी लागत नाही. पेशी एक-दोन दिवसांत त्याचं प्रथिन बनवायला लागतात आणि पाचव्या दिवसापर्यंत पानावर काय ते दिसतं. पुढच्या पिढीत यातलं काही उतरत नाही. म्हणूनच एका आठवड्यात दहा-वीस जनुकं किंवा एकाच जनुकाची वीस रूपं तपासता येतात.

हात बसायला फार वेळ लागत नाही, चार-सहा पानं भरली की सिरिंज वळणावर येते. वेळ लागतो तो पान वाचायला. रोगकारक ओळखला की रोप पुष्कळदा त्या जागच्या आपल्याच पेशी मारतं आणि तिथे डाग पडतो; आपण तोच शोधतो. पण पानावर मेलेल्या पेशींचा डाग दिसला म्हणजे प्रतिकार सिद्ध झाला असं नाही, आणि डाग दिसला नाही म्हणजे जनुक निकामी आहे असंही नाही. नव्यानं शिकणाऱ्यांनी निम्मा वेळ रोपांवर आणि कंट्रोलवर, म्हणजे तुलनेसाठीच्या ठिपक्यांवर, घालवावा, असं माझं ठाम मत आहे, आणि पुढची मांडणीही त्याच बेतानं केली आहे.

आधी पद्धत निवडा

तीन मार्ग सर्रास वापरले जातात. पहिला अ‍ॅग्रोबॅक्टेरियमचा: हा जीवाणू (थोडक्यात अ‍ॅग्रो) निसर्गातच आपल्या डीएनएचा एक तुकडा वनस्पतीच्या पेशीत सोडतो, आपण त्या तुकड्याच्या जागी आपलं जनुक ठेवतो. दुसरा जीन गनचा: सोन्याच्या सूक्ष्म कणांवर डीएनए चढवून ते पानावर मारतात. बार्लीच्या पानावर भुरी रोगाचा अभ्यास करणाऱ्यांनी ही पद्धत चांगलीच मुरवली आहे. कण लागलेल्या मोजक्या पेशी रंगवून ओळखतात आणि त्यांतल्या किती पेशींत बुरशी शिरली ते मोजतात. तिसरा मार्ग प्रोटोप्लास्टचा: एन्झाइमनं पेशीभित्तिका काढून टाकायची आणि पीईजी या रसायनाच्या मदतीनं डीएनए आत घालायचा. तृणधान्यांत अ‍ॅग्रो नीट चालत नाही तिथे हा मार्ग कामाला येतो. सोबत ल्युसिफरेज या चमक देणाऱ्या प्रथिनाचं जनुक घातलं की पेशी मेल्यावर चमक घटते आणि मृत्यू आकड्यात मोजता येतो.

सुरुवात मात्र पहिल्या मार्गानं करा, आणि तीही निकोटियाना बेंथामियाना या रोपावर. हे तंबाखूच्या कुळातलं, मूळचं ऑस्ट्रेलियाचं झाड. जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवल्या जाणाऱ्या वाणात आरडीआर१ हे विषाणूविरोधी जनुक मोडलेलं आहे, त्यामुळे त्यात विषाणू सहज वाढतात. दुसरं कारण आपल्या कामाचं आहे. अ‍ॅराबिडॉप्सिसच्या पेशींवर ईएफआर नावाचा रिसेप्टर, म्हणजे परकं काही ओळखणारं प्रथिन, असतो. तो जीवाणूचं ईएफ-टीयू प्रथिन ओळखतो आणि अ‍ॅग्रोला दारातच अडवतो. बेंथामियानात हा रिसेप्टर नाही. पान मोठं आणि मऊ असतं, द्रावण सहज आत जातं, शिवाय बटाटा-टोमॅटो कुळातली बरीच प्रतिकारक जनुकं इथे मूळ घरी असल्यासारखी काम करतात.

रोपं

प्रयोग बिघडतो तो बहुतेक वेळा इथेच. रोपं चार ते पाच आठवड्यांची हवीत, २२ ते २४ अंश सेल्सिअसला, दिवसाचे १६ तास प्रकाशात वाढवलेली. कळी दिसायला लागली की रोप बाद. वय वाढलं की बेंथामियाना जीवाणूचं कोल्ड-शॉक प्रथिन जास्त जोरानं ओळखतं आणि अ‍ॅग्रोला विरोध करतं, म्हणून अभिव्यक्ती घटते. पाणी साचून पिवळी पडलेली, मावा किंवा फुलकिडे लागलेली आणि नुकतंच कीटकनाशक मारलेली रोपंही नकोत. अशा रोपाची प्रतिकारयंत्रणा आधीच जागी झालेली असते आणि आपण नेमकं तेच मोजायला निघालेले असतो.

पान निवडताना अगदी शेंड्याचं कोवळं आणि अगदी तळाचं जून, दोन्ही सोडा. मधली दोन किंवा तीन, पूर्ण उघडलेली पानं घ्या. एका बॅचमधल्या सगळ्या रोपांवर त्याच क्रमांकाची पानं वापरा. तिसऱ्या पानावरचा आणि सहाव्या पानावरचा निकाल एकमेकांशेजारी ठेवून तुलना होत नाही.

कन्स्ट्रक्ट आणि स्ट्रेन

जनुक बायनरी वेक्टरमध्ये (जनुक वाहून नेणारं प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएचं छोटं वर्तुळ) हवं, सहसा ३५एस प्रमोटरखाली; प्रमोटर म्हणजे जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा. रोगकारकाचा इफेक्टर, म्हणजे रोपाला नमवायला तो सोडतो ते प्रथिन, तपासायचा असेल तर एक प्रश्न आधी सोडवा: तो रोपाच्या पेशीच्या आत ओळखला जातो की बाहेर? आत ओळखला जाणारा असेल तर त्याचा सिग्नल पेप्टाइड (प्रथिनाला पेशीबाहेर नेणारा सुरुवातीचा तुकडा) काढून टाका, नाहीतर रोपाची पेशी त्याला बाहेर पाठवून देईल. बाहेर काम करणारा असेल तर सिग्नल पेप्टाइड लागेलच. क्लोनिंग चोख होऊनही निकाल शून्य येतो, त्याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं.

टॅगचाही विचार करा. प्रथिन बनलं का हे पाहायला एचए, फ्लॅग, मिक किंवा जीएफपी असा एखादा टॅग, म्हणजे प्रथिनाला जोडलेली ओळखखूण, लागतोच. पण एनएलआर गटातल्या (पेशीच्या आत रोगकारक ओळखणाऱ्या) काही प्रतिकारक प्रथिनांचं अगदी सुरुवातीचं टोकच पेशीमृत्यू घडवून आणतं. तिथे टॅग लावला तर प्रथिन बनेल, पण काम करणार नाही. त्यामुळे अशा प्रथिनांना टॅग शेवटच्या टोकाला लावा. रिपोर्टर, म्हणजे जनुक चाललं हे दाखवणारी खूण, म्हणून जीयूएस किंवा ल्युसिफरेज वापरत असाल तर इंट्रॉन (आरएनएतून कापून टाकला जाणारा तुकडा) असलेलं रूप घ्या. जीवाणूला इंट्रॉन कापता येत नाही, त्यामुळे जो सिग्नल येईल तो रोपाच्याच पेशीतून आला याची खात्री राहते.

अ‍ॅग्रोचा स्ट्रेन, म्हणजे उपप्रकार, म्हणून जीव्ही३१०१ उत्तम. तो रिफाम्पिसिन आणि जेंटामायसिन सहन करतो, तुमच्या वेक्टरचं अँटिबायोटिक, बहुधा कॅनामायसिन, त्यावर तिसरं. एजीएल१ वापरणार असाल तर तो मुळातच कार्बेनिसिलिन सहन करतो, हे विसरू नका. वेक्टरची निवड त्याच अँटिबायोटिकवर असेल तर प्लाझ्मिड नसलेल्या वसाहतीही खुशाल वाढतील. प्लेटवर अ‍ॅग्रोच्या वसाहती २८ अंशांना दोन-तीन दिवसांनी दिसतात. दुसऱ्याच दिवशी टपोऱ्या वसाहती आल्या तर आनंद मानू नका, बहुतेक ते ई. कोलाय असतं.

कल्चर आणि मिश्रण

ग्लिसरॉल स्टॉकमधून ताज्या प्लेटवर रेघा ओढा. एक सुटी वसाहत उचलून पाच-दहा मिली एलबी या माध्यमात, अँटिबायोटिकसकट, २८ अंशांना शेकरवर रात्रभर वाढवा. सकाळी सेंट्रिफ्यूजमध्ये ४००० जी वेगानं दहा मिनिटं फिरवा, वरचं माध्यम ओतून टाका, पेलेट बफरमध्ये हलक्या हातानं विरघळवा, पुन्हा एकदा फिरवून धुऊन घ्या. माध्यमाचे आणि अँटिबायोटिकचे अवशेष पानाला डागतात. नंतर तो डाग प्रतिकाराचा की धुण्यातल्या कुचराईचा, ते सांगता येत नाही.

बफर साधा आहे: १० मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, १० मिलिमोलर एमईएस, पीएच ५.६, आणि त्यात १५० मायक्रोमोलर अ‍ॅसिटोसिरिंगोन. जखमी वनस्पती अशा प्रकारची रसायनं सोडते आणि अ‍ॅग्रो त्यांवरून तिचा सुगावा लावतो. अ‍ॅसिटोसिरिंगोन आणि आम्ल पीएच मिळाले की त्याची डीएनए पाठवणारी जनुकं सुरू होतात. हे रसायन डीएमएसओमध्ये विरघळवून उणे २० अंशांवर ठेवा आणि बफरमध्ये वापरायच्या दिवशीच घाला. मिश्रण झाल्यावर दोन-तीन तास खोलीच्या तापमानाला अंधारात तसंच राहू द्या.

आता ओडी, म्हणजे ६०० नॅनोमीटरला मोजलेली घनता. ही नव्या माणसाला सगळ्यात गोंधळात टाकते, म्हणून एक उदाहरण पूर्ण सोडवूनच दाखवतो. समजा, पाच मिली मिश्रण हवंय. त्यात प्रतिकारक जनुकाचा अ‍ॅग्रो ०.३, इफेक्टरचा ०.२ आणि पी१९चा (तो कशाला ते पुढे सांगतो) ०.१ ओडी हवा. धुतलेली कल्चर मोजली तर अनुक्रमे १.६, २.० आणि १.० आली. (मोजताना दहापट विरळ करूनच मोजा. घट्ट द्रावणाचा आकडा यंत्र कमी दाखवतं.) पहिल्याचे ०.३ गुणिले ५ भागिले १.६, म्हणजे ०.९४ मिली. दुसऱ्याचे ०.५ मिली, तिसऱ्याचेही ०.५ मिली. उरलेला ३.०६ मिली बफर. एकूण ओडी झाला ०.६.

कंट्रोलमध्ये इफेक्टर वगळायचा असेल तर त्याच्या जागी नुसता बफर घालू नका, रिकाम्या वेक्टरचा अ‍ॅग्रो त्याच ०.२ ओडीला घाला. प्रत्येक ठिपक्यात, म्हणजे पानावर भरलेल्या प्रत्येक भागात, जीवाणूंची एकूण संख्या सारखी असलीच पाहिजे. एकूण ओडी एकच्या वर नेऊ नका, तेवढ्या जीवाणूंनी पान आपोआप पिवळं पडायला लागतं.

पी१९ कशाला? रोप बाहेरून आलेल्या जनुकाचा आरएनए ओळखून तो गप्प करतं, म्हणून तिसऱ्या दिवसानंतर प्रथिन घटत जातं. टोमॅटो बुशी स्टंट विषाणूचं पी१९ हे प्रथिन ही गळचेपी थांबवतं. पण ते सगळीकडे घालायलाच हवं असं नाही. काही प्रतिकारक प्रथिनं प्रमाणाबाहेर साठली की इफेक्टरशिवायच पेशी मारतात, आणि पी१९ त्यात भर घालतं. पहिल्या फेरीत पी१९सह आणि पी१९विना, दोन्ही करून पाहा.

पान भरणं

सुई न लावलेली एक मिलीची सिरिंज घ्या. तासभर आधी रोपांना पाणी घाला आणि उजेडात ठेवा, म्हणजे पर्णरंध्रं उघडी राहतात. मरगळलेल्या पानात द्रावण शिरत नाही, जोर केला तर पान फाटतं. चष्मा लावा. तोंड नीट बसलं नाही की द्रावण उलटं उडतं आणि सरळ डोळ्यांकडे येतं.

पान तळहातावर आडवं घ्या. वरच्या बाजूनं एका बोटाचा आधार द्या आणि खालच्या बाजूला, दोन शिरांच्या मधे, सिरिंजचं तोंड टेकवा. दाबू नका, फक्त टेकवा आणि दट्ट्या सावकाश ढकला. बोटाखाली पान किंचित गार आणि जड लागतं. मग गडद हिरवा ओला पट्टा पसरताना दिसतो, पुढच्या जाड शिरेपाशी तो थबकतो. तिथे थांबा. आत जातच नसेल तर सुईच्या टोकानं खालच्या त्वचेला नुसता स्पर्श होईल इतकं टोचा, पान आरपार जाता कामा नये. ओला भाग काही तासांत सुकतो आणि मग कुठे भरलं होतं ते ओळखू येत नाही. म्हणून त्याच क्षणी मार्करनं कड आखा. एक मिश्रण संपलं की हातमोजे ७० टक्के अल्कोहोलनं पुसा किंवा बदला. हातावरचा थेंब शेजारच्या ठिपक्यात गेला तर कंट्रोल खोटं बोलतो.

नंतर रोपं २० ते २५ अंशांत ठेवा. २८-२९ अंशांच्या वर अ‍ॅग्रोची डीएनए पाठवणारी नळी नीट बनत नाही, शिवाय काही प्रतिकारक जनुकंही त्या उष्णतेत मंदावतात. तंबाखूच्या मोझॅक विषाणूला अडवणारं एन जनुक याचं जुनं उदाहरण.

कंट्रोल: इथे कंजुषी नको

प्रत्येक पानावर निदान एवढे ठिपके हवेत:

- प्रतिकारक जनुक आणि इफेक्टर एकत्र
- प्रतिकारक जनुक आणि रिकामा वेक्टर
- इफेक्टर आणि रिकामा वेक्टर
- नुसता रिकामा वेक्टर
- हमखास पेशीमृत्यू देणारी एखादी जोडी, उदाहरणार्थ टोमॅटोचं सीएफ-४ हे प्रतिकारक जनुक आणि बुरशीचा एव्हीआर४ हा इफेक्टर, किंवा एकटं फायटॉफ्थोराचं आयएनएफ१ प्रथिन

दुसरा ठिपका मेला तर तुमचं प्रथिन स्वतःहून पेटतंय, ओडी कमी करा. तिसरा मेला तर बेंथामियाना स्वतःच तुमचा इफेक्टर ओळखतंय. हे वाटतं तितकं दुर्मीळ नाही. झँथोमोनास या जीवाणूचा एक्सओपीक्यू हा इफेक्टर बेंथामियानातलं आरओक्यू१ हे जनुक ओळखतं. अशा वेळी त्या जनुकाशिवायचं रोप वापरावं लागतं. पाचवा ठिपका मेला नाही तर त्या पानावरचं बाकी काहीही वाचू नका, पान टाकून द्या.

ठिपक्यांच्या जागा पानागणिक फिरवा. देठाजवळ आणि टोकाजवळ प्रतिसाद सारखा नसतो. एकाच रोपाची तीन पानं म्हणजे तीन स्वतंत्र प्रयोग नव्हेत. वेगळी रोपं, वेगळं कल्चर, वेगळा आठवडा असं तीनदा झालं की त्याला तीन म्हणा.

वाचन

पेशीमृत्यू सहसा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी स्पष्ट होतो. पान आधी चमकदार ओलसर दिसतं, मग खचतं, मग कागदासारखं कोरडं पडतं. नुसती पिवळसर झाक म्हणजे पेशीमृत्यू नव्हे. शून्य ते सात अशी श्रेणी ठरवा, प्रत्येक पायरीचा एक फोटो भिंतीवर लावा आणि गुण अशा माणसाकडून घ्या ज्याला कुठल्या ठिपक्यात काय आहे ते ठाऊक नाही. अतिनील दिव्याखाली मेलेला भाग स्वतःच चमकतो, फोटोला ते बरं पडतं. आकडेच हवे असतील तर पानाच्या चकत्या कापून, धुऊन पाण्यात ठेवा आणि बाहेर झिरपणारे आयन वाहकतामापकानं मोजा. ट्रायपॅन ब्लूनं मेलेल्या पेशी निळ्या होतात.

प्रथिनासाठी पान मात्र दुसऱ्या दिवशीच, पेशी मरायच्या आधी, घ्या आणि द्रव नायट्रोजनमध्ये गोठवा. वेस्टर्न ब्लॉटवर पट्टी दिसल्याशिवाय 'काही झालं नाही' हा निष्कर्ष लिहू नका. प्रथिन बनलंच नसेल तर तुम्ही जनुक तपासलंच नाही. जोडी एकत्र असलेल्या ठिपक्यात पट्टी फिकी असेल तर घाबरू नका, मरणाऱ्या पेशी प्रथिन बनवत नाहीत. त्यासाठी जोडीतलं एकेक जनुक वेगळं भरलेले ठिपके बघा.

पृष्ठभागावरच्या रिसेप्टरांचं काम असेल तर ऑक्सिजनच्या क्रियाशील रूपांचा झोत मोजा. चकत्या रात्रभर पाण्यावर तरंगत ठेवा, कापल्याचा झटका ओसरू द्या. सकाळी ल्युमिनॉल, पेरॉक्सिडेज आणि १०० नॅनोमोलर एफएलजी२२ (जीवाणूच्या फ्लॅजेलिन प्रथिनाचा तुकडा) घाला. झोत काही मिनिटांत उसळतो आणि तासाभरात विरतो. यंत्राजवळ तयार राहा, चहाला जाऊन यायला वेळ नसतो.

मेलेलं पान म्हणजे प्रतिकार नव्हे

बटाट्याचं आरएक्स जनुक बटाट्याच्या ‘एक्स’ विषाणूला इतक्या लवकर रोखतं की पेशी मरायची वेळच येत नाही. डागच शोधत बसलात तर हे जनुक निकामी ठरेल. म्हणून रोगकारक पानावर आणून बघणं भाग आहे. विषाणूसाठी जीएफपी जोडलेला विषाणू त्याच अ‍ॅग्रोनं द्या आणि अतिनील दिव्याखाली हिरवी चमक पसरते का ते पाहा. करप्याच्या फायटॉफ्थोरासाठी पानाच्या एका अर्ध्यात तुमचं जनुक आणि दुसऱ्या अर्ध्यात रिकामा वेक्टर भरा. एक दिवसानं पान तोडून ओल्या कागदाच्या बंद डब्यात खालची बाजू वर करून ठेवा, दोन्ही अर्ध्यांवर बीजाणूंचे १० मायक्रोलिटरचे थेंब ठेवा आणि पाच-सात दिवसांनी डागांचा व्यास मोजा. एकाच पानाचे दोन अर्धे असल्यानं पानापानांतला फरक आपोआप वजा होतो. जीवाणूजन्य रोगांत हे अवघड जातं, कारण पानात आधीच अ‍ॅग्रोची फौज असते आणि वसाहती मोजताना ती निवडक अँटिबायोटिकनं वेगळी करावी लागते.

वापरलेली पानं, माती, सिरिंजा, उरलेलं कल्चर, सगळं १२१ अंशांना ऑटोक्लेव्ह करूनच टाका. जनुकबदल केलेल्या जीवाणूंसाठी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी काम सुरू करण्याआधी घ्या, नंतर नाही.

जोडी जुळली, पुढे काय

दुसरा, तिसरा आणि चौथा ठिपका शांत, पाचवा मेलेला आणि तुमच्या जोडीचा ठिपकाही मेला, असं तीन वेगळ्या आठवड्यांत दिसलं की पुढचा प्रश्न येतो: हे जनुक एकटं काम करतं का? बटाटा-टोमॅटो कुळातली कितीतरी प्रतिकारक जनुकं एनआरसी२, एनआरसी३ आणि एनआरसी४ या मदतनीसांवर विसंबून असतात. गव्हाचं एसआर३५ आणि तांबेऱ्याच्या बुरशीतला त्याचा इफेक्टर बेंथामियानात पेशी मारतात, पण परक्या कुळातल्या प्रत्येक जनुकाला इथे मदतनीस मिळेलच असं नाही. निकाल शून्य आला आणि प्रथिनाची पट्टी मात्र ठसठशीत असेल, तर मूळ पिकातला मदतनीस सोबत घालून पाहा.

मदतनीस कोण ते शोधायला टोबॅको रॅटल विषाणूचा वापर करून रोपातलं जनुक तात्पुरतं बंद करता येतं. कोवळ्या रोपांत हा विषाणू अ‍ॅग्रोनंच द्यायचा. एका रोपात पीडीएस जनुकाचा तुकडा घाला; हे जनुक बंद पडलं की पान पांढरं पडतं. दोन-तीन आठवड्यांनी त्याची वरची पानं पांढरी पडली की बाकीच्या रोपांतही जनुकं बंद झाली असतील, असं समजून तीच वरची पानं भरायला घ्या. एखादं जनुक बंद केल्यावर डाग नाहीसा झाला, तर त्याच जनुकाचं कोडॉन बदललेलं (प्रथिन तेच, डीएनएची अक्षरं वेगळी), बंद न होणारं रूप सोबत घालून डाग परत येतो का ते पाहा. तो परत आला की मूळ पिकात, जनुकाच्या स्वतःच्या प्रमोटरखाली, कायमस्वरूपी रोपं बनवायला घेता येतात.